अकरा वर्षं उभी असलेली बुलेट आणि ऑइलचा प्रश्न: डबा नंतर बघ, आधी इंजिनच्या आत बघ

तुझा प्रश्न मला कळला तो असा. ऐरोलीत बिल्डिंगखाली वडिलांची १९७२ची बुलेट ३५० अकरा वर्षं कव्हर घालून उभी आहे, इंजिन कधी उघडल्याचं कुणाला माहीत नाही, ती आता तुला चालू करायचीये आणि ऑइलवरून तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत. दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक १०डब्ल्यू४० टाका, मित्र म्हणतो डिझेल गाडीचं १५डब्ल्यू४० टाक, आणि मामा म्हणतात आम्ही चाळीस नंबर टाकायचो तेच टाक. तू काका म्हणून विचारलंस म्हणून मीही अरे-तुरे करतो.

सरळ उत्तर पाहिजे तर साधं मिनरल २०डब्ल्यू५०, डब्यावर जासो (मोटरसायकल तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं, सीलबंद. पण हे उत्तर इंजिन उघडून, धुऊन, परत बांधल्यानंतरचं आहे. आत्ता गाडी जशी उभी आहे तशीच त्यात हे टाक, नाहीतर तिघांपैकी कुणाचंही टाक, नुकसान व्हायचं ते होणारच. आणि ते लगेच दिसत नाही, दोनशे-तीनशे किलोमीटरनी दिसतं, तोपर्यंत तू खुश असतोस की बघा एका किकमध्ये चालू झाली.

मी ठाण्यात बत्तीस वर्षं जुन्या गाड्यांचं काम करतोय, पहिली काही वर्षं वागळे इस्टेटला दुसऱ्याच्या हाताखाली आणि नंतर स्वतःचं. या काळात ऑइलच्या ग्रेडमुळे खराब झालेली बुलेट मी क्वचित बघितली. आतला गाळ सुटून तेलाची वाट बंद झाल्यामुळे गेलेल्या मात्र कितीतरी बघितल्या. म्हणून ते आधी सांगतो, ग्रेडचं नंतर.

तुझे वडील आणि मामा जे चाळीस नंबर टाकायचे ते बहुतेक साधं मोनोग्रेड (एकाच आकड्याचं) तेल होतं, त्यात डिटर्जंट नाही नाहीतर अगदी नावाला. डिटर्जंट म्हणजे तेलातलं असं रसायन जे काजळी, जळकं तेल, धातूचा चुरा हे सगळं तेलातच तरंगत ठेवतं, खाली बसू देत नाही. आजच्या गाड्यांना कागदी फिल्टर असतो, तो ही तरंगणारी घाण पकडतो, म्हणून तिथे डिटर्जंट पाहिजेच. जुन्या जमान्यात उलटं होतं, तेल घाण खाली बसू द्यायचं, ती चेंबरच्या (इंजिनच्या खालच्या खोक्याच्या, म्हणजे क्रँककेसच्या) तळाशी, तेलाच्या टाकीच्या कोपऱ्यात, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) खाचाखोचात थर धरून बसायची, आणि इंजिन उघडलं की मिस्त्री पत्रीने खरवडून काढायचा. तुझ्या गाडीत हे थर इतक्या वर्षांचे आहेत, वर अकरा वर्षं उभी राहून ते वाळलेत, आणि ठाण्या-नवी मुंबईचे अकरा पावसाळे म्हणजे आत दमट हवा जाऊन पाण्याचे थेंब धरलेले. आता यात आजचं कुठलंही चांगलं तेल टाकलंस, मिनरल असो की सिंथेटिक, त्यातलं डिटर्जंट हा थर भिजवून सोडवायला लागतं. थर एकदम विरघळला तर प्रश्न नव्हता, पण तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि पापुद्रा जाऊन बसतो नेमका क्रँकपिनच्या (पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो ती पिन) तेलाच्या बारीक भोकाच्या तोंडाशी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या गॅरेजला सुरुवातीच्या दिवसांत नौपाड्यातल्या एका गिऱ्हाइकाची बुलेट आली होती, वर्षानुवर्षं चाळीस नंबरवर चाललेली, चांगली सुरू होती, फक्त थोडी धूर मारायची. मी चांगल्या भावनेने जुनं तेल काढलं आणि नवीन भारी मल्टिग्रेड टाकलं, फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा) फिल्टर बदलला, आणि सांगितलं जा आता नाशिकपर्यंत बघायला नको. कसारा घाटात बिगएंड (रॉडचं क्रँकपिनवर बसणारं टोक) गेलं. टेम्पोत टाकून आणली, उघडली, तर क्रँकपिनच्या भोकात काळा, चिकट, जांभळाच्या बीसारखा गोळा, आणि नवीन फेल्ट चिखलाने भरलेला. गाडी माझ्याकडे येईपर्यंत चालत होती आणि माझ्या हाताने बंद पडली, रॉड, बुश, पिन सगळं मी माझ्या खर्चाने करून दिलं. त्या दिवसानंतर गाडीचा इतिहास माहीत नसेल तर मी आधी विचारतो, इंजिन शेवटचं कधी उघडलंय, आणि उत्तर नसेल तर तेलाच्या डब्याला हातच लावत नाही.

बुलेटच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं का, तर या जुन्या इंजिनात बिगएंडला रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश (धातूची कडी) आहे (मधल्या काळात कुणी रोलर टाकून घेतला असेल तर वेगळं, तेही उघडल्यावरच कळतं). रॉड आणि क्रँकपिनच्या मध्ये हा बुश मोकळा फिरतो, आतूनही तेलाचा थर आणि बाहेरूनही तेलाचा थर. रोलरला थोडा वेळ तेल कमी पडलं तरी तो निभावून नेतो. बुशला नाही जमत, त्याचं सगळं आयुष्य त्या थरावर आहे, थर तुटला की धातूवर धातू.

तर मग करायचं काय. पैसे आणि वेळ असेल तर इंजिन उतरव आणि पूर्ण खोल. हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. बुलेटच्या तेलाची टाकी वेगळी नाही, ती क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूला आहे, त्यामुळे तिचे कोपरे बाहेरून धुता येत नाहीत, दोन्ही चेंबर वेगळे झाले की मगच रॉकेल आणि ब्रश पोचतो. क्रँकचं तेलाचं भोक हवेने मारून आरपार मोकळं करायचं, पंपाचे दोन्ही प्लंजर बघायचे, बुशची खेळ (सैलपणा) बघायची. वडिलांची गाडी आहे, अकरा वर्षं थांबलास तर अजून महिनाभर थांब.

आत्ता ते शक्यच नसेल तर दुसरा रस्ता आहे, हळू आहे आणि पूर्ण खात्रीचा नाही. जुनं तेल गरम करून काढता येणार नाही कारण गाडी चालू नाही, तेव्हा खालचे ड्रेन प्लग काढून रात्रभर गळू दे. प्लग एकापेक्षा जास्त आहेत, टाकीचा वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा, बरेच जण एकच काढतात आणि समजतात तेल निघालं. निघालेलं तेल पांढऱ्या ताटलीत घे, बोटांत चोळून बघ. दुधट असेल तर पाणी आहे. सोनेरी चमक दिसली तर पितळी बुश कुठेतरी घासतोय. चंदेरी पण लोहचुंबकाला न चिकटणारा चुरा म्हणजे पिस्टन किंवा पांढरा धातू (बेअरिंगवरचा मऊ धातू). चुंबकाला काळी मऊ पेस्ट थोडी चिकटली तर घाबरू नकोस, ती जुन्या गाडीत असतेच. मग उजव्या बाजूला टायमिंग कव्हरमध्ये आडवा बसणारा फेल्ट काढ, त्याची स्प्रिंग आणि वायसर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेव, उलटं बसवलं तर तेल फेल्टमधून न जाता बाजूने जातं. फेल्टवर चिखल जाड असेल किंवा ताटलीत चुरा दिसला तर हा रस्ता इथेच सोड आणि इंजिन उतरव. दोन्ही ठीक असतील तर साधं, स्वस्त, मिनरल २०डब्ल्यू५० भर, शंभर किलोमीटर हळू चालव, तापव, काढून टाक, फेल्ट परत बघ. परत भर, तीनशेला काढ. मग पाचशेला. प्रत्येक वेळी फेल्ट बघायचाच, तोच तुला सांगेल आत काय सुटतंय. बाजारात इंजिन फ्लश म्हणून जी बाटली मिळते ती मात्र या इंजिनात कधीच टाकू नकोस, ती पापुद्रे अजून घाईने सोडवते आणि इथे घाईच मारक आहे.

आता ग्रेडचं. २०डब्ल्यू५० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ डिग्रीला होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे येऊरच्या पायथ्याला फार तर १४-१५ पर्यंत उतरतं, तेही शून्याच्या वर. म्हणजे दुकानदार ज्या १०डब्ल्यूचे जास्त पैसे मागतोय त्याचा तुला इथे जन्मात उपयोग नाही, लडाखला घेऊन जाणार असशील तर बोलू. आपल्या कामाचा आकडा दुसरा, गरम झाल्यावरचा. १०० डिग्रीला ४० नंबरच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या मधे असतो, ५०चा १६.३ ते २१.९. बुलेटचा ब्लॉक बिडाचा, हवेवर थंड होणारा, आतल्या खेळी आजच्या इंजिनापेक्षा मोकळ्या, आणि इतकी वर्षं घासून अजून मोकळ्या झालेल्या. घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला गायमुखच्या आधी अर्धा तास फर्स्ट-सेकंडला अडकलास की हवा लागत नाही, हेड भट्टीसारखं तापतं, तेव्हा बुशखाली थर टिकवायला दाट तेलच पाहिजे. पातळ तेल टाकलंस तर टॅपेट वाजायला लागतात, व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल खाली जाऊन धूर येतो, गळती वाढते.

मामांचं चाळीस नंबर त्या काळासाठी बरोबर होतं आणि आजही त्यावर गाडी मरणार नाही, त्यांना चुकीचं ठरवू नकोस.  पण २०डब्ल्यू५० तापल्यावर ४०पेक्षा दाट राहतं, फायदा तिथे. म्हणून मी ते बारा महिने वापरतो, पावसाळ्याला वेगळं, उन्हाळ्याला वेगळं असं काही करत नाही.

सिंथेटिकबद्दल लोकांच्या डोक्यात दोन टोकं आहेत, एक म्हणतात अमृत, दुसरे म्हणतात सील फाडतं. दोन्ही खरं नाही. मिनरल तेल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं बेस ऑइल, आपल्या जवळच खाडीपलीकडे माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत ते बनतं, सिंथेटिक त्याच्यावर अजून प्रक्रिया करून किंवा रसायनातून बांधून केलेलं, त्याचे रेणू एकसारखे, ते जास्त तापमान सहन करतं आणि जास्त किलोमीटर टिकतं. तेल म्हणून ते सरसच आहे. पण तुझ्या इंजिनात फेल्टचा फिल्टर आहे, बारीक घाण तेलातच राहते, म्हणून तेल चांगलं असो नाहीतर वाईट तुला ते दोन हजार किलोमीटरच्या आत काढावंच लागणार. दहा हजार टिकणारं तेल दोन हजारला ओतून देण्यात काय अर्थ आहे. सील ते फाडत नाही, पण जुन्या सांध्यांत काजळीचा जो थर बसून गळती बुजलेली असते तो ते धुऊन काढतं, आणि मग लोक म्हणतात सिंथेटिक टाकलं आणि गाडी गळायला लागली. आणि नवीन बोअर-पिस्टन केलं असेल तर पहिले हजार किलोमीटर सिंथेटिक अजिबात नको, रिंगा ब्लॉकला घासून बसायला पाहिजेत, फार गुळगुळीत तेलात त्या नीट बसत नाहीत आणि मग कायम तेल पितात. तुझ्या मित्राची नवीन बुलेट असेल, युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात) इंजिनवाली, तर तिला कंपनीच १५डब्ल्यू५० सांगते, ते तिच्यासाठी बरोबर आहे, ते इंजिनच वेगळं आहे, इंजिन-क्लच-गिअर सगळं एका तेलात. तिचा सल्ला तुझ्या गाडीला लागू होत नाही.

मित्राच्या डिझेल तेलाबद्दल. हे बुलेटवाल्यांत जुनं आहे, बरेच मिस्त्री सर्रास टाकतात आणि त्यामागे कारण आहे, डिझेल तेलात झीजविरोधी रसायन चांगलं असतं. जुन्या बुलेटचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसल्यामुळे तो घसरण्याचाही प्रश्न येत नाही. धुतलेल्या इंजिनात टाकलंस तर मी भांडणार नाही. पण डिझेल तेलात डिटर्जंट सगळ्यात कडक, काजळी धुवायलाच ते बनवलेलं असतं, म्हणजे तुझ्या न उघडलेल्या इंजिनात तिघांपैकी सगळ्यात धोक्याचं हेच. शिवाय तापल्यावर ते ४०च, ५० नाही.

झीजविरोधी रसायन म्हणजे झिंक, पूर्ण नाव लांबलचक आहे, सगळे झेडडीडीपी म्हणतात. त्यात झिंक आणि फॉस्फरस असतो, कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे तो एक बारीक थर बनवतो आणि स्वतः झिजून धातूला वाचवतो. बुलेटचे टॅपेट सपाट बुडाचे, कॅमवर घसरत चालतात, म्हणून त्यांना हे लागतं. आता नेटवर वाचून बरेच जण घाबरतात की नवीन तेलात झिंक काढून टाकलंय. ते अर्धं खरं आहे. फॉस्फरसमुळे गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून एपीआय (तेलाची प्रत ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएम, म्हणजे २००४ नंतरच्या प्रतींमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, पण ती मर्यादा १०डब्ल्यू३०, ५डब्ल्यू३० असल्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू५०ला ती लागू नाही. आणि जासोच्या मोटरसायकल तेलाच्या नियमात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा असं स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. म्हणून मी जासो एमए बघायला सांगतो, तो छाप खरं तर क्लच न घसरण्यासाठी आहे, पण त्यासोबत कॅमची काळजीही आपोआप घेतली जाते. वरून झिंकची बाटली टाकू नकोस, प्रमाणाबाहेर झालं की तेच रसायन धातूला खायला लागतं. कारचं पातळ, इंधन वाचवणारं म्हणून विकतात ते तेल नको, एवढं पाळलंस तर झिंकचा विचार सोडून दे.

अजून एक गोष्ट जी तिघांपैकी कुणीच तुला सांगितलेली दिसत नाही. तुझ्या गाडीत एक तेल नाही, तीन आहेत. इंजिनचं वेगळं, साधारण सव्वादोन लिटर, पण तेवढं कोरड्या इंजिनाला लागतं, नुसतं ड्रेन केल्यावर थोडं आत राहतंच म्हणून कमी बसतं, मोजून ओत. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच, त्याचं वेगळं. गिअरबॉक्स वेगळा, त्याचं वेगळं. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात म्हणून जासो एमएचा खरा उपयोग तिथे, मी तिथेही तेच २०डब्ल्यू५० टाकतो, काही जण ऑटोमॅटिक गिअरचं पातळ लाल तेल टाकतात, तेही चालतं, क्लच मोकळा सुटतो. लेव्हलचा स्क्रू काढून त्यातून तेल ओघळेपर्यंतच भरायचं, जास्त भरलं की क्लच घसरतो. गिअरबॉक्समध्ये आधीचे मिस्त्री ग्रीस आणि नव्वद नंबर गिअर ऑइल मिसळून टाकायचे कारण तो बॉक्स गळतोच, किक शाफ्टजवळून. ती पद्धत वाईट नाही. फक्त नव्वद नंबर घेताना डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा वर्ग) लिहिलेलं घे, जीएल-५ नको, जीएल-५ मधलं गंधकाचं रसायन पितळी बुश हळूहळू खातं आणि त्या बॉक्समध्ये पितळी बुश आहेत. दुकानात जीएल-५च पुढे करतात कारण तेच जास्त खपतं, तू वाचून घे.

आता तेलाची लेव्हल, इथे भले भले चुकतात. बुलेट उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये जमा होतं. महिनाभराने डिपस्टिक काढलीस तर कोरडी. लोक घाबरून लिटरभर ओततात, किक मारतात, आणि सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची पिचकारी, सगळ्या सांध्यांतून गळती, आणि दोष बिचाऱ्या तेलाला. तेल कुठे गेलेलंच नसतं. आधी चालू करायची, पाच मिनिटं चालवायची, पंप खालचं तेल परत टाकीत आणतो, बंद करून दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक बघायची. फार दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी क्रँककेसचा प्लग काढून खालचं तेल काढून घ्यायचं आणि तेवढंच वर भरायचं. आणि ब्रीदरचा पाइप मोकळा आहे का ते फुंकून बघ, कुंभारमाशी त्यात घर करते, मी दोनदा काढलंय. तो बंद असेल तर जगातलं कुठलंही ऑइल टाक, गाडी गळणारच.

पहिली किक मारण्याआधी. अकरा वर्षांत रिंगा चिकटलेल्या असू शकतात, म्हणून स्पार्क प्लग काढून भोकातून दोन चमचे तेल आत सोड, दोन दिवस राहू दे, मग हाताने हळू फिरते का बघ. अडकली तर जोर लावू नकोस. फिरली की प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन बंद ठेवून, किक मारत राहा, पन्नास, साठ, लागतील तेवढ्या, घाम येऊ दे. फेल्टची जागा रिकामी असते ती भरेपर्यंत बिगएंडला तेल जात नाही, म्हणून हे बिना दाबाचं फिरवणं फार गरजेचं आहे. हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट थोडा ढिला कर, तिथून तेल डोकावलं म्हणजे पंपाने तेल धरलंय. ते दिसल्याशिवाय प्लग लावायचा नाही. चालू झाल्यावर रेस करू नकोस, हलक्या ठोक्यावर चालू दे.

नंतर चालवताना मी गिऱ्हाइकांना दोन हजार किलोमीटर किंवा सहा महिने सांगतो, जे आधी येईल ते. खरं तर इथे किलोमीटरपेक्षा पावसाळा बघायचा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी, त्यात तू ऐरोलीहून रबाळेपर्यंत जाऊन परत येणार, दहा मिनिटांत इंजिन पूर्ण तापत नाही, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, तेलात मिसळून साय धरतं. म्हणून गणपतीनंतर, पाऊस ओसरला की, किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदल. आणि महिन्यातून एकदा तरी पामबीचला एक लांब फेरी मार, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, अर्धा-पाऊण तास सलग चालली की इंजिन आतून कोरडं होतं. तेल विकत घेतानाही झाकणाखालची रिंग अखंड आहे का, बॅच नंबर नीट छापलाय का बघ, डुप्लिकेट माल आपल्या भागात फिरतो. रिकामा डबा भंगारात देताना मधून कापून दे म्हणजे तो परत भरला जात नाही.

जळकं तेल गटारात ओतू नकोस, हे हात जोडून सांगतो. तुझ्या घराजवळचं गटार खाडीत जातं, तीच ठाण्याची खाडी जिथे फ्लेमिंगो येतात, २०२२ला तिला रामसरचा (महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळालाय. कायद्यातही वापरलेलं तेल घातक कचऱ्यात येतं. कॅनमध्ये साठव आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरला दे, त्यांच्याकडून ते रिफाइन करणारे घेऊन जातात. माझ्याकडे आणलंस तरी चालेल.

तू शेवटी विचारलंस की शेजारच्यांची जुनी येझदी आहे तिलाही हेच चालेल का. नाही. ती टू-स्ट्रोक, तिच्या इंजिनला पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी तेल लागतं, जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं, फोर-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्ये मिसळलं तर प्लग आणि सायलेन्सर राखेने भरतात. बोटीच्या इंजिनचं टीसी-डब्ल्यू३ पण नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. तिचा गिअर आणि क्लच मात्र एकाच तेलात, तिथे जासो एमए छापाचं फोर-स्ट्रोक तेल चालतं. तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, त्यांना सांग मॉडेलचं वर्ष कळवा.

तू आत्ता एवढंच कर, या रविवारी दोन्ही ड्रेन प्लग काढ, पांढरी ताटली खाली ठेव, आणि सोमवारी सकाळी ताटलीचा आणि फेल्टचा उजेडात फोटो पाठव. कुठला डबा घ्यायचा ते मी त्यावरून सांगतो.